दोन तारांमधला फरक

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतली एखादी शेड घ्या. एका टोकाला वीजमीटर, दुसऱ्या टोकाला ऑफिसातला संगणक, मध्ये २०० मीटर केबल. आकडे एरवी नीट येतात, मोठी मोटर सुरू झाली की अडखळतात. अशा वेळी ‘केबल जाड टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. नुसत्या जाडीने हे दुखणं सहसा जात नाही.

संगणकाला यंत्रं जोडायचा जुना आरएस-२३२ पोर्ट सिग्नल एका तारेवर पाठवतो आणि त्याचा व्होल्टेज ग्राउंडच्या तुलनेत मोजतो. केबल लांबली की दोन टोकांच्या ग्राउंडमध्येच फरक पडतो, शिवाय केबलच्या धारकतेमुळे (विद्युतभार साठवण्याच्या गुणामुळे) सिग्नलच्या कडा बोथट होतात. म्हणून त्याची मजल साधारण १५ मीटरची.

१९८३ च्या आरएस-४८५ या जोडणीच्या मानकाने मोजायची पद्धतच बदलली. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा, ए आणि बी. एकीचा व्होल्टेज चढतो तेव्हा दुसरीचा उतरतो. पलीकडचा रिसीव्हर फक्त दोघींमधला फरक बघतो. २०० मिलिव्होल्ट पुरतात. पिळामुळे मोटरचा उपद्रव दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच चढतो. दांडिया बाजारातल्या जुन्या घरातल्या झोपाळ्यावर दोघं बसली, तर झोपाळा कितीही हलला तरी त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं, तसं हे. वेग सेकंदाला १०० किलोबिटच्या आत ठेवला तर १२०० मीटरपर्यंत मजल जाते.

मात्र ‘दोनच तारा लागतात’ हे अर्धसत्य आहे. रिसीव्हर तारांवरचा व्होल्टेज त्याच्या ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच सहन करतो. त्यासाठी ग्राउंडची तिसरी तार जोडावी, नाहीतर आयसोलेटर, म्हणजे दोन्ही बाजूंचा विजेचा थेट संबंध तोडून फक्त सिग्नल पुढे देणारा भाग, बसवावा.

आता टोकांचं. सिग्नल मोकळ्या टोकावर आपटून परत फिरतो आणि मागून येणाऱ्या बिटांत मिसळतो. म्हणून केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टन्स लावतात. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि २०० मीटरवरून प्रतिध्वनी २ मायक्रोसेकंदांत परततो, त्यामुळे तिथे रेझिस्टन्स नसला तरी बरेचदा निभावतं. वेग वाढवला की मात्र चूक उघडी पडते. मीटरही एकापुढे एक असे ओळीने जोडावेत. एकाच ठिकाणाहून चारी दिशांना फाटे काढले की प्रत्येक फाटा नवं मोकळं टोक होतो.

तपासणी सोपी आहे. सगळ्या यंत्रांची वीज बंद करून ए आणि बी यांच्यात मल्टिमीटर लावा. १२० चे दोन रेझिस्टन्स समांतर असल्याने ६० ओहमच्या आसपास आकडा आला तर दोन्ही रेझिस्टन्स जागेवर आहेत. १२० आला तर एक गायब, ४० आला तर कुणीतरी मध्येच तिसरा लावून ठेवलाय. एवढं करूनही आकडे येत नसतील तर ए-बीची अदलाबदल करून बघा, कारण ही अक्षरं सगळे उत्पादक एकाच अर्थाने छापत नाहीत.