लवादाच्या वकिलाचा पेशा कुठून आला

आंतरराष्ट्रीय लवाद म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या पक्षांचे वाद न्यायालयाऐवजी नेमलेल्या पंचांपुढे सोडवणं. त्यातल्या वकिलाची आजची वाटचाल बरीचशी ठरलेली असते. दोन देशांत कायद्याचं शिक्षण, दोन-तीन भाषा, जमलं तर एखाद्या लवाद संस्थेच्या सचिवालयात उमेदवारी, मग मोठी लॉ फर्म. ही वाट अलीकडची आहे.

पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९२३ मध्ये आपलं लवाद न्यायालय सुरू केलं. त्यानंतरही कित्येक दशकं या कामावर पोट असलेला वकील विरळाच. प्राध्यापक, निवृत्त न्यायाधीश, व्यापारातली जाणती माणसं आपला मूळ व्यवसाय सांभाळून लवादाला बसत. शिवाय निवाडा हाती आला तरी परदेशात वसुली होईलच याची खात्री नव्हती. ती अडचण १९५८ च्या न्यूयॉर्क कराराने बरीच दूर केली. मोजके अपवाद सोडले तर सदस्य देशांच्या न्यायालयांना परदेशी निवाडा मान्य करावा लागतो, आणि आज असे देश १७० हून अधिक आहेत. माझ्या मते या पेशाचा खरा पाया हाच. १९६५ च्या वॉशिंग्टन कराराने परकी गुंतवणूकदार आणि सरकार यांच्यातल्या वादांसाठी जागतिक बँकेच्या छत्राखाली वेगळं केंद्र उभं केलं.

पण माणसं तयार झाली ती हेगमध्ये. तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासातल्या ओलिसांच्या सुटकेसाठी जानेवारी १९८१ मध्ये अल्जियर्स समझोता झाला आणि त्यातून हेगमध्ये बसणारं इराण-अमेरिका दावे न्यायाधिकरण जन्मलं. त्याच्यापुढे चार हजारांच्या आसपास दावे आले. करार मोडले, मालमत्ता सरकारजमा झाली, बिलं थकली, असं सगळं त्यात होतं. प्रकरणामागून प्रकरण लढवत एक पिढी तिथे शिकली, आणि त्या निवाड्यांचे दाखले अजून दिले जातात.

या वकिलांना दोन वळणं एकाच खोलीत सांभाळावी लागतात. इंग्लंड-अमेरिकेत तयार झालेल्याचा भर साक्षीदाराच्या उलटतपासणीवर, तर फ्रान्स-जर्मनीत तयार झालेल्याचा कागदपत्रांवर. तिकडे साक्षीदाराला प्रश्न मुख्यतः न्यायाधीशच विचारतो. इंटरनॅशनल बार असोसिएशनच्या १९९९ च्या पुराव्याच्या नियमांनी यातला मधला मार्ग काढला. दोन्हींत मुरलेल्या वकिलाला मागणी असते ती यामुळेच.

एका खटल्यात वकील असलेली व्यक्ती दुसऱ्यात लवाद, म्हणजे निवाडा देणारा पंच, म्हणून बसते, तेव्हा तिचा पूर्वेतिहास पक्षकारांना कळायलाच हवा. त्याच असोसिएशनने २००४ मध्ये हितसंबंधांच्या लाल, नारिंगी आणि हिरव्या याद्या केल्या: लाल म्हणजे गंभीर, नारिंगी म्हणजे शंका येण्याजोगे, हिरव्या म्हणजे निर्धोक. नारिंगी यादीतलं नातं असेल तर लवादाने ते आपणहून उघड करणं अपेक्षित असतं.