लक्षणे नसलेल्या लैंगिक आजारांचा शोध

सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये लैंगिक आजारांची औषधे रंगीत पाकिटांत मिळतात. मूत्रमार्गातून किंवा गर्भाशयमुखातून स्राव होत असल्यास करड्या पाकिटातील अझिथ्रोमायसीन आणि सेफिक्सिम एकदाच घ्यायचे असते, तर हर्पिसच्या फोडांसाठी लाल पाकीट असते. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता लक्षणांवरून त्याच भेटीत उपचार करण्याची ही पद्धत अत्यंत मोलाची आहे, कारण अहवालासाठी पुन्हा बोलावलेला रुग्ण अनेकदा परत येत नाही.

मात्र ज्याला लक्षणेच नाहीत, त्याला कोणते पाकीट द्यायचे? गनोरिया किंवा क्लॅमिडिया झालेल्या अनेक स्त्रियांना काहीही त्रास जाणवत नाही. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरूनही येते. जंतू मात्र शरीरातच राहतात. अशा जखमांमुळे एचआयव्हीला आत शिरायला वाट मिळते. शिवाय दाह झालेल्या जागी सीडी४ नावाच्या रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि हा विषाणू नेमका त्याच पेशींवर हल्ला करतो. म्हणूनच लैंगिक आजारांवरील उपचार आणि एचआयव्हीची तपासणी या दोन्ही सेवा वेगवेगळ्या दारांआड ठेवणे मला चुकीचे वाटते.

त्या एकत्र आणता येतात, हे गरोदर स्त्रियांच्या तपासणीतून दिसते. बोटातून घेतलेल्या थोड्याशा रक्तावर, एकाच पट्टीवर, एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्हींची प्राथमिक चाचणी काही मिनिटांत होते. एचआयव्हीचे निदान मात्र एका चाचणीवर केले जात नाही, त्यासाठी पुढील चाचण्या कराव्याच लागतात. सिफिलिस आढळल्यास बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन वेळेवर दिल्याने गर्भपात आणि मृतजन्म टाळता येतात, तर एचआयव्ही असल्यास आईला एआरटी, म्हणजे एचआयव्हीला रोखणारी औषधे, आणि बाळाला प्रतिबंधक औषध देऊन बाळाला होणाऱ्या संसर्गाचा धोका पुष्कळ कमी करता येतो.

हीच सोय गरोदर नसलेल्या स्त्रियांना, स्थलांतरित मजुरांना, ट्रकचालकांना, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना आणि तृतीयपंथीयांना त्यांच्या सवडीच्या वेळी मिळायला हवी. दिवसाचा रोज बुडवून रांगेत उभे राहणे अनेकांना परवडत नाही. ओळखीचे कोणी पाहील ही धास्ती तर त्याहून मोठी असते. 2018 पासून अमलात आलेल्या एचआयव्ही कायद्याने चाचणीसाठी संमती आणि माहितीची गोपनीयता बंधनकारक केली आहे. नावाचा पुकारा न करणे आणि समुपदेशनासाठी दार लावता येईल अशी खोली देणे, एवढे तरी प्रत्येक केंद्राने करावे. केंद्राचा पत्ता विचारायलाही संकोच वाटत असेल, तर 1097 या निःशुल्क क्रमांकावर माहिती मिळते.