दुधी काच ते प्लास्टिकचा पडदा: फोकसिंग स्क्रीनची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात माळ्यावरून खाली उतरलेल्या जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांच्या (आरशामुळे लेन्समधलंच दृश्य दाखवणाऱ्या) व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीत, एक खूण वारंवार दिसते. मधोमध पुसट, पारदर्शक डाग आणि त्यातून गेलेल्या बारीक रेघा. हे काम धुळीचं नाही, बुरशीचंही नाही. कुणीतरी फोकसिंग स्क्रीन, म्हणजे फोकस तपासायला प्रतिमा जिच्यावर पडते तो आतला पडदा, रुमालाने पुसलेली असते. पुसणाऱ्याची सवय मुळात चुकीची नव्हती, ती आधीच्या काळातल्या कॅमेऱ्यासाठी बरोबर होती.

त्या काळातला फोकसिंगचा पडदा म्हणजे एका बाजूने घासलेली दुधी काच. स्टुडिओतल्या लाकडी फील्ड कॅमेऱ्यात, मग तो विलायती असो की 1940च्या दशकात केरळात आलप्पुळा इथे बनू लागलेला ‘वागीश्वरी’, छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोकं घालून याच काचेवर उलटी प्रतिमा पाहत असे. घासलेली बाजू लेन्सकडे, गुळगुळीत बाजू डोळ्याकडे. काच मळली की चौकटीतून काढायची, साबणाच्या पाण्याने धुवायची, पुसून परत बसवायची. फुटली तरी अडत नसे: 2 मिमीची साधी काच कापून आणायची, तिच्यावर 600 नंबरची सिलिकॉन कार्बाइड पावडर आणि थोडं पाणी घालायचं, दुसऱ्या काचेच्या तुकड्याने इंग्रजी आठच्या आकारात फिरवत सगळीकडे सारखा दुधी रंग येईपर्यंत घासायचं. बेळगावसारख्या फाउंड्रीच्या गावात घासकामाची पावडर मिळवणं आजही कठीण नाही.

आरशाने प्रतिमा वर वळवून दुधी काचेवर पाडायची कल्पना त्याहून कितीतरी जुनी. योहान झान यांनी 1685 मध्ये तशा पेटीचं वर्णन केलं होतं आणि टॉमस सटन यांनी 1861 मध्ये एसएलआरचं पेटंट घेतलं. 35 मिमी फिल्मवर ही रचना रुळली ती 1936च्या किने एक्झाक्टापासून. त्यात कमरेशी कॅमेरा धरून वरून पाहावं लागे, आणि प्रतिमा सुलटी असली तरी डावं-उजवं उलट दिसे. 1949च्या कॉन्टॅक्स एसमध्ये पेंटाप्रिझम, म्हणजे प्रतिमा सरळ करून डोळ्याकडे वळवणारा काचेचा लोलक, आला आणि ती अडचण संपली. 1959च्या निकॉन एफमध्ये प्रिझम काढून कॅमेरा उलटा केला की स्क्रीन हातात येते आणि कामाप्रमाणे दुसरी घालता येते.

पण पडद्याचा स्वभाव बदलला तो फ्रेनेल लेन्समुळे. साध्या दुधी काचेवर मधला भाग उजळ आणि कोपरे काळपट दिसतात, कारण कडेचे किरण तिरपे निघून डोळ्याला चुकवून जातात. ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी 1820च्या दशकात दीपगृहासाठी वापरलेली वर्तुळाकार खाचांची लेन्स दुसऱ्या महायुद्धानंतर सूक्ष्म रूपात या पडद्यात आली आणि ते किरण डोळ्याकडे वळू लागले. एवढ्या बारीक खाचा काचेवर पाडणं परवडणारं नव्हतं. त्या ॲक्रिलिकमध्ये साच्यातून काढल्या गेल्या. पुढे मधोमध स्प्लिट-इमेजच्या पाचरी (फोकस चुकला की प्रतिमेचे दोन अर्धे सरकलेले दिसतात, बरोबर झाला की जुळतात) आणि भोवती मायक्रोप्रिझमचं, म्हणजे बारीक लोलकांचं, कडं आलं, तेही त्याच प्लास्टिकमध्ये. (f/5.6 पेक्षा मंद, म्हणजे कमी प्रकाश आत घेणारी, लेन्स लावली की स्प्लिटचा अर्धा भाग काळा पडतो. तो दोष नव्हे.)

आता पुसल्यावर काय होतं ते पाहा. ॲक्रिलिक काचेपेक्षा कितीतरी मऊ, त्यामुळे रुमालात अडकलेला धुळीचा कण खाचांवर रेघ ओढतो. बोटाचा तेलकटपणा खड्ड्यांत भरला तर तेलाचा आणि ॲक्रिलिकचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचं प्रमाण) जवळजवळ सारखा असल्याने खडबडीतपणा प्रकाशाला दिसेनासा होतो आणि तिथे पारदर्शक डाग उमटतो. स्पिरिट, ॲसिटोन, थिनर लावले तर ॲक्रिलिकला तडे जातात किंवा ते विरघळतं. काचेसाठी शिकलेली पद्धत इथे पडदा कायमचा घालवते.

म्हणून आधी निदान. डाग स्पष्ट, टोकदार दिसत असेल तर तो बहुधा स्क्रीनवरच आहे. आरशावरचा कण असा दिसत नाही. लेन्स काढून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने हवा मारा. कण हलला नाही तर तो बहुधा स्क्रीन आणि प्रिझमच्या मध्ये आहे. त्यातला एकही कण फोटोत उमटत नाही, त्यामुळे दोन-चार ठिपक्यांसाठी स्क्रीन काढू नये असं आमचं ठाम मत आहे. डब्यातली दाबलेली हवा टाळा, तिच्यातला द्रव उडून डाग पडतो. आरशालाही हात लावू नका, त्याचा मुलामा वरच्या पृष्ठावर असतो.

काढायचीच असेल तर ऑलिंपस ओएम-1, निकॉन एफएम2 यांत लेन्सच्या तोंडातून खीळ ढकलली की चौकट खाली येते. स्क्रीनच्या कडेचा कान चिमट्याने धरा. कॅनन एई-1, निकॉन एफएम यांत ती पक्की आहे, तिथे ब्लोअरवरच थांबा. लूपमधून (छोट्या भिंगातून) वर्तुळं दिसली तर स्क्रीन प्लास्टिकची समजा. वाटीभर डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या सौम्य द्रवाचा एक थेंब टाकून पाच-दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यात दोनदा विसळा आणि कडेवर उभी करून झाकून वाळू द्या. पुसू नका. बोअरचं जड पाणी वापरलं तर खाचांत क्षाराचे पांढरे ठिपके राहतात.

आपल्याकडचा खरा शत्रू वेगळाच आहे. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसाळी दमटपणात आरशाच्या पुढच्या कडेचा आणि प्रिझमभोवतीचा पॉलियुरेथेन फोम ओलाव्याने विघटित होऊन डांबरासारखा चिकट होतो आणि स्क्रीनवर गळतो. ओएम-1 मध्ये तर तो प्रिझमचा मुलामाही खातो. स्क्रीन धुण्याआधी हा फोम काढा, नाहीतर आरसा हलला की पुन्हा तेच. धातूवरचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो, पण स्क्रीन बाहेर असतानाच.

परत बसवताना जी बाजू आधी आरशाकडे होती तीच आरशाकडे. चौकटीखाली धातूची पातळ पट्टी, म्हणजे शिम, असेल तर ती जिथली तिथेच जायला हवी, कारण लेन्सपासून पडदा आणि फिल्म यांचं अंतर तंतोतंत सारखं असावं लागतं. मग अर्धा किलोमीटर लांबच्या टॉवरवर लेन्स अनंतला लावून स्प्लिट जुळतं का पाहा. जुळलं नाही तर मागचं दार उघडा, शटर बी वर (बटण दाबून ठेवलं तोवर उघडं) ठेवा, फिल्मच्या रुळांवर पारभासी टेप ताणून लावा आणि तिच्यावरची प्रतिमा लूपने तपासा. टेपवर टॉवर स्पष्ट आणि स्क्रीनवर धूसर असेल तर पडदा उलटा बसला आहे किंवा शिम टेबलावरच राहिली आहे.