एकट्याने, आणि एकट्याने न थांबता

भाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. परवा त्याच्या वहीत एका प्रश्नापुढे खाडाखोड दिसली. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय कोण? आधी लिहिलं होतं दिलीप दोंदे. ते खोडून अभिलाष टॉमी. खोडलेलंच उत्तर बरोबर होतं. टॉमींचा मान वेगळा आहे: एकट्याने, कुठेही न थांबता आणि बाहेरची मदत न घेता. मथळ्यात नेमके हेच शब्द गळतात आणि मग घोळ होतो.

घोळ व्हायला कारणंही भरपूर. दोघेही नौदलाचे अधिकारी, दोघेही मुंबईहून निघाले, आणि बोटसुद्धा एकच, ‘म्हादेई’. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली, ५६ फुटी. दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला निघाले आणि १९ मे २०१० ला परतले. वाटेत चार थांबे: ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटल्टन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन. टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला मुंबईतच परत आले. मधे पायाला जमीन नाही.

आता हिशेब मांडून बघा. दोंदेंच्या नऊ महिन्यांपैकी प्रत्यक्ष समुद्रावर गेलेले दिवस १५७. टॉमींचे दीडशे. म्हणजे पाण्यावरचा काळ जवळजवळ तेवढाच. मग फरक कशात? दोंदेंच्या वाट्याला पाच तुकडे आले, सरासरी महिनाभराचे. टॉमींना एकच, अखंड.

बंदर म्हणजे नुसती विश्रांती असं आपल्याला वाटतं. खरं तर बंदर म्हणजे गॅरेज. फाटलेलं शीड शिवून मिळतं, दोरखंड बदलता येतात, सुकाणू आपोआप सांभाळणाऱ्या ऑटोपायलटचा बिघडलेला भाग मागवता येतो. ताजा कांदा-बटाटा मिळतो. शिवाय बोटीचं बूड साफ करता येतं, आणि ही बाब वाचताना क्षुल्लक वाटते तेवढी नाही. पाण्याखालच्या भागावर शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव चिकटतात, थर वाढला की बोटीचा वेग पडतो. न थांबणाऱ्याला ते ओझं घेऊनच घर गाठावं लागतं. दोंदे बंदरात पोचले की बोटीची डागडुजी करणाऱ्या चमूत टॉमी असत. काय काय मोडतं हे त्यांनी आधी स्वतःच्या हातांनी पाहिलं होतं.

पाण्याचंही तसंच. दिवसाला तीन लिटर धरले तरी दीडशे दिवसांचे साडेचारशे लिटर होतात. चार बंदरं असतील तर टाकी चारदा भरते. नसतील तर शिडावरून ओघळणारं पावसाचं पाणी बादलीत धरायचं.

झोपेत मात्र दोघांत काही फरक नाही. क्षितिजावर नुकतं दिसू लागलेलं मालवाहू जहाज पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकतं. पहाऱ्याला दुसरं कुणी नाही. त्यामुळे जहाजांच्या वाटेत असाल तर गजर लावून डुलकी, उठून चहूकडे नजर, पुन्हा डुलकी. रात्रभर हेच. स्वयंपाक करताना एक हात भांड्याला, एक हात स्वतःला धरायला.

तर मग दोंदेंची सफर सोपी होती का? मला तसं वाटत नाही. त्यांच्या आधी विचारायला एकही भारतीय नव्हता. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींची ही कल्पना, आणि बोट बांधून घेण्यापासून दोंदे त्यात होते. आणि प्रत्येक बंदरात कोरडी गादी, गरम जेवण आणि माणसांच्या गप्पा मिळाल्यावर पुन्हा दोर सोडून निघायचं! टॉमींना हे मन घट्ट करणं एकदाच करावं लागलं.

अशा प्रदक्षिणेचे नियम काटेकोर आहेत. विषुववृत्त ओलांडायचं, सगळी रेखावृत्तं पार करायची, किमान २१,६०० सागरी मैल कापायचे. सुएझ-पनामा चालत नाही. दोंदे आणि टॉमी दोघांनीही ऑस्ट्रेलियाचं लीउविन, दक्षिण अमेरिकेचं हॉर्न आणि आफ्रिकेचं गुड होप या तिन्ही टोकांना दक्षिणेकडून वळसा घातला. ‘न थांबता’ प्रकारात नांगर टाकला तरी चालतं, पण बाहेरून अन्न, पाणी वा साधा स्क्रूसुद्धा घेता येत नाही. फोनवर बोलायला हरकत नाही.

जगातही हीच जोडी दिसते. जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ मध्ये थांबत थांबत एकटा फिरून आला. तो दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून गेला होता, त्यामुळे हॉर्नला वळसा घालायचा राहिला. न थांबता पहिला आला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, १९६९ मध्ये, ३१२ दिवसांनी. त्याची ३२ फुटी ‘सुहेली’ मुंबईत बांधलेली, सागवानी.

२०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केलेली नौदलाची ‘तारिणी’ ही बोटही याच घोळात ओढली जाते. तिच्यावर वर्तिका जोशींसह सहा जणी होत्या आणि बंदरंही घेतली होती. भाच्याच्या प्रश्नातला ‘एकट्याने’ हा शब्द तिथे लागूच होत नाही.