सात वार, सात राजकन्या: डबा उघडण्याआधी वाचायचं पत्रक

नमस्कार मंडळी,

गोष्टींचा डबा घेतलात त्याबद्दल थँक्यू. हे पत्रक मुद्दाम सगळ्यात वर ठेवलंय, पोरांनी त्याचं विमान करायच्या आधी तुमच्या हाती लागावं म्हणून. फोनवर आम्हाला तेच तेच प्रश्न येतात की वय काय धरायचं, गोष्टी खऱ्या का बनवलेल्या, शेवटी तात्पर्य का नाही, आणि राजकन्या "अशी" का दिसते. तर सगळं एकदाच लिहून टाकतो.

आम्ही मूळचे लग्नपत्रिकावाले. कोल्हापुरात छोटी प्रेस आहे, दोन मशिनं, चार माणसं. चातुर्मास लागला की मुहूर्त नाहीत, मुहूर्त नाहीत म्हणजे पत्रिका नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात मिळेल तो जॉब घ्यायचा. असंच एकदा एका पार्टीचं मुलांचं रंगवायचं पुस्तक आलं, ३२ पानं, पानापानावर एकेक राजकन्या, आणि प्लेटा चेक करताना लक्षात आलं की चेहरा एकच आहे, ३२ वेळा तोच चिकटवलाय, नुसता फ्रॉक बदललाय आणि खाली देशाचं नाव टाकलंय. जपानची राजकन्या, भारताची राजकन्या, आफ्रिकेची राजकन्या (आफ्रिका हा देश नाही हे पार्टीला सांगून बघितलं, "चालतंय ओ" म्हणाले), सगळ्यांचे तेच बशीएवढे डोळे नि तेच इवलंसं नाक. जॉब तो जॉब, छापून दिलं. पण डोक्यातून जाईना, म्हणून हा डबा.

या डब्यात सात पुस्तिका आहेत, वाराला एक. ही आयडिया आईची. श्रावणातल्या कहाण्या सोमवारची वेगळी, मंगळवारची वेगळी, शुक्रवारची वेगळी असतात, मग तुमच्या राजकन्यांना पण वार द्या की, म्हणाली. म्हणून आमचा सोमवार आटपाट नगरातच सुरू होतो, शिवामुठीच्या कहाणीतली नावडती. ती राजाची सून, म्हणजे जन्मानं राजकन्या म्हणून येत नाही, तरी घेतली. राजाच्या चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती, तिला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं. पुढची कहाणी घरातल्या आजींना पाठ असेल, देऊळ प्रकट होतं, सासरा पागोटं खुंटीला ठेवून तळं बघायला जातो वगैरे, आणि शेवटी नावडती होती ती आवडती होते. शेवट आम्ही बदलला नाही. पण पहिल्यांदा घरात वाचून दाखवली तेव्हा सात वर्षांच्या भाचीनं विचारलं, "मग सासऱ्यानं सॉरी कुठं म्हटलं?" तो प्रश्न आम्ही मागच्या पानावर जसाच्या तसा छापलाय, उत्तर आमच्याकडेही नाही.

मंगळवारी सावित्री. सावित्री म्हटलं की आपल्याला वडाचं झाड आणि दोरा आठवतो, त्यामुळे बऱ्याच नव्या आया फोनवर जरा नाराजीनंच विचारतात की ही कशाला घेतली. ताई, महाभारतातल्या वनपर्वातली सावित्री एकदा नीट बघा. मद्र देशाच्या अश्वपती राजाची मुलगी, इतकी तेजस्वी की मागणी घालायला कोणी पुढंच येईना, तेव्हा बापानं सांगितलं की तूच जा आणि तूच शोध. ती म्हाताऱ्या मंत्र्यांना बरोबर घेऊन रथातून फिरली, राज्य गेलेल्या आंधळ्या राजाचा रानात राहणारा मुलगा तिनं निवडला, आणि नारदानं "हा वर्षभरातच जाणार" असं सांगूनही निवड फिरवली नाही. यमाबरोबर तर ती चालता चालता बोलत राहते आणि बोलूनच जिंकते. याचे प्राण सोडून काहीही माग, असं तो म्हणतो, तेव्हा सासऱ्याची दृष्टी मागते, मग राज्य मागते, आणि पुढं अशी गोष्ट मागून घेते की जी सत्यवान जिवंत असल्याशिवाय मिळूच शकत नाही. पोरांना ही वकिली जाम आवडते. मुळात ती शंभर मुलगे मागते, आम्ही "शंभर लेकरं" केलंय, हा बदल आमचा आहे, सांगून ठेवतो.

बुधवारची ये-श्येन ही चीनची आहे. ही गोष्ट वाचताना पोरं मध्येच ओरडतात, "ही तर सिंड्रेलाची कॉपी!" तर उलटं आहे, ही जुनी आहे. तांग राजवटीत नवव्या शतकात दुआन चेंगशी नावाच्या माणसानं ती लिहून ठेवली, आणि काचेच्या बुटाची फ्रेंच गोष्ट छापली गेली १६९७ साली, म्हणजे मध्ये आठशे वर्षं गेली. ये-श्येन दक्षिण चीनमधल्या एका टोळीच्या सरदाराची मुलगी. तिच्याकडे परी नाही, एक मासा आहे, तोही सावत्र आई मारून खाते, आणि मग त्याची हाडं तिला मदत करतात. तिचा बूट सोन्याचा, पण पिसासारखा हलका आणि दगडावर चाललं तरी आवाज न करणारा. मूळ शेवटी सावत्र आई आणि बहीण दगड लागून मरतात, ते आम्ही गाळलं. राजा बुटाच्या मापावरून मुलगी शोधतो हे मात्र आम्हाला पटत नाही तरी ठेवलं, कारण ते काढलं तर गोष्टच बसते खाली.

गुरुवारी जपानची कागुया. बांबू तोडणाऱ्या म्हाताऱ्याला बांबूच्या पेरात सापडलेली, चंद्रावरून आलेली मुलगी, साधारण हजार वर्षांपूर्वीची कथा. पाच बडे लोक मागणी घालतात, ती प्रत्येकाला अशक्य वस्तू आणायला सांगते. एकाला रत्नांची फांदी आणायची असते, तो कुठंही जात नाही, गुपचूप कारागीर बसवून फांदी बनवून घेतो आणि समुद्रप्रवासाच्या थापा मारत तिच्यापुढं ठेवतो, आणि तेवढ्यात ते कारागीर दारात येतात, साहेब आमची मजुरी राहिलीये! आम्ही छापखानेवाले, उधारी म्हणजे काय ते आम्हाला विचारा, त्यामुळे या प्रसंगाला चित्रकार ताईंकडून डबल पानाचं चित्र काढून घेतलं. शेवटी कागुया चंद्रावर परत जाते, लग्न नाही, राजवाडा नाही, आणि पिसांचा झगा अंगावर घातला की ती सगळ्यांना विसरते. मुलं रडतात हे आधीच सांगतो. झोपायच्या वेळी वाचणार असाल तर पाच-दहा मिनिटं जास्तीची धरा, नंतर बोलायला लागतं.

शुक्रवारच्या चांदबीबीवरून आम्हाला एक-दोन ऑर्डरी कॅन्सल झाल्या, कारण तुम्ही ओळखलंच असेल. आम्ही काढली नाही. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरला दिलेली, माहेरावर संकट आलं तेव्हा परत आलेली. १५९५ च्या शेवटी अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला, खालून सुरुंग लावून तटाला खिंडार पाडलं, तर ही स्वतः तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून घेतला. किल्ला राहिला, वऱ्हाड मात्र तहात द्यावं लागलं. आमची गोष्ट १५९६ लाच थांबते. पुढं १६०० साली आपल्याच माणसांनी संशयावरून तिला मारलं, ते दहा-बारा वर्षांच्या पोराला तुम्ही सांगा, पाच वर्षांच्याला नको. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कधी गेलात तर किल्ला दाखवा, गोष्ट एकदम खरी होते.

आता शनिवारची अमीना, आणि इथं जरा जास्त वेळ घेतो, कारण "राजकन्या इतकी काळी का छापलीत" हा प्रश्न हिच्याबद्दलच येतो. अमीना झाझाऊची, आज उत्तर नायजेरियात झारिया आहे तिथली, हौसा लोकांची सोळाव्या शतकातली राजकन्या आणि पुढं राणी. तिकडच्या गावांभोवतीच्या जुन्या मातीच्या तटांना अजूनही "गनुवार अमीना", म्हणजे अमीनाचा तट, म्हणतात. ती जशी असणार तशी छापली, एवढंच उत्तर आहे. पण ते "एवढंच" आम्हाला किती महागात पडलं ते ऐका.

गोरा रंग छापायला सोपा असतो, कागद मुळात पांढरा, त्यावर थोडा मॅजेंटा (गुलाबी शाई) थोडा यलो टाकला की झालं काम. सावळा, काळा रंग चारही शाईंचा मिळून होतो, आणि त्यात सायन (निळी शाई) जरा सरकला की चेहरा हिरवट, मॅजेंटा वाढला की विटेसारखा, काळी शाई जास्त झाली की नाक-डोळे बुडून नुसती सावली. पहिल्या प्रूफला अमीना आजारी दिसत होती. दुसऱ्याला रागावलेली. मशिनवाले मामा, तीस वर्षं गणपतीच्या लाल-केशरी रंगात हात बसलेले, म्हणाले की दोन शेड उजळ करून टाका की, कोण बघतंय. तेव्हा कळलं की त्या ३२ पानांच्या पुस्तकात सगळ्या एकसारख्या गोऱ्या का होत्या, त्यामागं फार मोठा विचार नसतो, सोपं पडतं म्हणून होतं. शेवटी सहाव्या प्रूफला जमलं, गालावर उजेड पडलेला दिसतो, कपाळ चमकतं. कागद पण बदलावा लागला, मॅपलिथोवर, म्हणजे साध्या बिनचकचकीत कागदावर, गडद रंग शाई पिऊन मरतो, म्हणून १७० जीएसएमचा जाड, गुळगुळीत आर्ट पेपर घेतला आणि डबा ४० रुपयांनी महागला. मामांनी आता प्रेसच्या दारावर अमीनाचं कव्हर चिकटवलंय, स्वतःच्या मनानं.

आणि सावळ्या राजकन्येचं इतकं नवल आपल्याला तरी का वाटावं? द्रुपदाच्या मुलीचं नावच कृष्णा आहे. पंढरीला ज्याच्यासाठी चालत जातो तो कुठल्या रंगाचा आहे? तरी आपल्या गोष्टीत राजकन्या आली की तोंडातून "गोरीपान" निघतंच, आमच्याही निघतं, मजकुरात तीन ठिकाणी निघालं होतं आणि प्रूफ वाचताना खोडलं.

रविवारी सोफिया दुलीप सिंग, महाराजा रणजितसिंगांची नात, १८७६ ला इंग्लंडमध्ये जन्मलेली, व्हिक्टोरिया राणीची धर्मकन्या. राणीनं तिला हॅम्प्टन कोर्टला राहायला घर दिलेलं, आणि ही त्याच राजवाड्याबाहेर उभी राहून बायकांच्या मताच्या हक्काचं वर्तमानपत्र विकायची! मत नाही तर टॅक्स पण नाही म्हणून कर भरला नाही, मग सरकारनं दागिने जप्त करून लिलावात काढले आणि मैत्रिणींनी ते विकत घेऊन तिला परत दिले. या लिलावाचं पोरं घरी नाटक करतात, आम्हाला व्हिडिओ येतात. १९२८ ला तिकडं बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळालं तेव्हा ती पन्नाशीत होती. यूकेतल्या मराठी मंडळींना एक सांगणं, हॅम्प्टन कोर्ट बघायला जालच, पुस्तिका बरोबर न्या.

काही जण विचारतात ताराराणी कशी नाही, ते पण कोल्हापूरवाल्यांच्या डब्यात. बरोबर आहे, कावळा नाक्यावरून रोज तिच्या पुतळ्याला वळसा घालून प्रेसला येतो, लाज वाटते. पण १७०० ते १७०७, सात वर्षं औरंगजेबाशी झुंज, हे २४ पानांत बसेना, बसवलं तर नुसत्या लढायांची यादी होत होती. तिच्यासाठी वेगळी जाड पुस्तिका करतोय, पुढच्या पावसाळ्यात बघू.

तात्पर्याचं. दुकानदार म्हणाले डब्यावर "संस्कारक्षम" छापा, खपतं. आम्ही छापलं नाही, खप थोडा कमी झालाही असेल. आम्हाला असं दिसलं की शेवटी "तात्पर्य: नेहमी धीर धरावा" असं लिहिलं की पोरं त्या ओळीपाशी पुस्तक मिटतात, आणि लिहिलं नाही की भांडतात. भांडू द्या. जर्मनीच्या ग्रिमबंधूंच्या १८१२ च्या पुस्तकातली बेडकाची गोष्ट घ्या, तिथं राजकन्या बेडकाची पापी घेत नाही, वैतागून त्याला भिंतीवर आपटते आणि तेव्हा तो राजपुत्र होतो. बाप म्हणतो दिलेला शब्द पाळ, ती म्हणते मला तो माझ्या अंथरुणात नको. यातलं तात्पर्य कुठलं छापणार सांगा? (ही गोष्ट डब्यात नाही, आपटण्याच्या चित्रावरून घरात दोन तट पडले.)

बाकी कामाचं. चार ते सात वर्षं, तुम्ही वाचून दाखवा, एक पुस्तिका दहा-बारा मिनिटं. आठच्या पुढं मुलं स्वतः वाचतात, टाइप २० पॉइंटचा आहे, परदेशी नावं पहिल्यांदा येतात तिथं अक्षरं सुटी तोडून दिलीत. मुलग्यांना द्यावं का असं विचारू नका, निम्मे व्हिडिओ मुलग्यांचेच आहेत. कव्हरला मॅट लॅमिनेशन आहे, ओल्या फडक्यानं पुसलं तर चालतं, आतली पानं पुसू नका. सेंटर पिन निघाली तर फेकू नका, पोस्टानं पाठवा, पिन मारून परत पाठवतो, फुकट. सुटी पुस्तिका ६० रुपये, कोपरे गोल कापलेत ते कापायची चूक नाही, डोळ्याला लागू नये म्हणून आहेत.

एक चूक मात्र खरंच आहे. पहिल्या लॉटमध्ये कागुयाच्या पान १४ वर "पाच मागणीवाले" ऐवजी "पाच मागणेवाले" छापून गेलंय. आईला ते जास्त बरोबर वाटतं, पण ज्यांना नको असेल त्यांनी डब्याच्या तळाशी ठेवलेला स्टिकर त्यावर चिकटवावा.