लाइनबॅकर

लाइनबॅकर : अमेरिकन फुटबॉलच्या बचावातील एक जागा आणि त्या जागेवर खेळणारा गडी. बचावातल्या अकरा जणांपैकी काही जण चेंडूसमोर पुढची फळी धरतात, काही जण पास अडवण्यासाठी मागे पांगलेले असतात. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात उभे राहणारे, बहुधा दोन ते चार गडी हे लाइनबॅकर होत. मुसंडी मारणाऱ्याला पाडणे, जवळचा पास तोडणे आणि प्रसंगी थेट क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणाऱ्या, आक्रमणाच्या सूत्रधारावर) चालून जाणे अशी तिन्ही कामे त्यांच्याकडे असतात. व्यावसायिक लीगमुळे ही जागा जगभर ओळखीची झाली असली, तरी तिचा जन्म आणि बरीचशी वाढ अमेरिकी विद्यापीठांच्या मैदानांवर झाली. या नोंदीत मुख्यतः त्या विद्यापीठीय खेळाचाच विचार केला आहे.

उगम : लाइनबॅकरचे मूळ आक्रमणातल्या सेंटर या जागेत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेच अकरा जण आक्रमणही करीत आणि बचावही. पायांमधून मागे चेंडू देणारा सेंटर बचावाच्या वेळी सात जणांच्या फळीत मधोमध बसे. हा मधला गडी फळीतून उठून एक-दोन पावले मागे प्रथम कधी उभा राहिला, हा वादाचा मुद्दा आहे.

बहुतेक संदर्भग्रंथ हा मान मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅडॉल्फ ‘जर्मनी’ शुल्झ (१८८३–१९५१) याला देतात. इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे जन्मलेला शुल्झ सुमारे सहा फूट चार इंच उंच होता आणि त्याचे वजन २४५ पौंडांच्या आसपास सांगितले जाते. त्या काळी एवढ्या देहाचा गडी विरळाच. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांच्या हाताखाली तो १९०४, १९०५, १९०७ आणि १९०८ या हंगामांत खेळला. फळी सोडून मागे उभा राहिलेला सेंटर पाहून योस्ट चकित झाले, त्यांनी त्याला हटकले आणि शुल्झने आपला हेका चालवला, अशी कथा प्रचलित आहे. तिचे तपशील मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतात. कोणी ती पहिल्याच हंगामातली मानतात, तर कोणी नंतरची.

कथा १९०४ इतकी मागे नेण्यात एक अडचण आहे. योस्ट यांच्या त्या संघांना बचावाची चिंता फारशी नव्हतीच. १९०४ मध्ये मिशिगनने एकूण ५६७ गुण केले आणि २२ दिले. १९०५ मध्ये शेवटच्या सामन्यापर्यंत त्यांच्यावर एकही गुण झाला नव्हता. त्या शेवटच्या सामन्यात शिकागो विद्यापीठाने ‘सेफ्टी’चे (चेंडू बाळगणाऱ्याला त्याच्याच गोलरेषेमागे पाडल्याचे) दोन गुण मिळवून २–० असा विजय मिळवला आणि मिशिगनची ५६ सामन्यांची अपराजित मालिका तुटली. अशा संघातल्या सेंटरला मागे सरकण्याची निकड भासली असेल, असे वाटत नाही.

निकड निर्माण झाली ती १९०६ च्या नियमबदलांनी. आधीच्या हंगामातील मृत्यूंमुळे आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी घातलेल्या लक्षामुळे खेळाचे नियम मुळापासून तपासले गेले. पुढे फेकायच्या पासला परवानगी मिळाली. दोन्ही फळ्यांमध्ये चेंडूच्या लांबीइतकी मोकळी पट्टी सक्तीची झाली. तीन डाउनमध्ये (चेंडू पुढे नेण्याच्या तीन प्रयत्नांत) पाचऐवजी दहा यार्ड काढणे आवश्यक ठरले. परिणामी आक्रमणाला मधोमध ढकलाढकली करून भागेना आणि त्याला बाजूंनी पसरावे लागले. येथे एक बारकावा सहसा निसटतो. पास चेंडूच्या मूळ जागेपासून निदान पाच यार्ड डावी-उजवीकडूनच रेषा ओलांडू शकत असे आणि हे बंधन १९१० पर्यंत टिकले. म्हणजे बरोबर मध्यावरून पासचा धोका या काळात नव्हताच. मागचे गडी दोन्ही अंगांना पांगल्यावर मध्यातून घुसणाऱ्याला गाठायला आणि तेथून कोणत्याही बाजूला धावायला कोणीतरी हवे होते. शुल्झ जेथे उभा राहत असे ती जागा नेमकी हीच. म्हणून त्याचा दावा १९०७–०८ या हंगामांवर उभा करणे अधिक सयुक्तिक ठरते.

१९०७ मध्ये मिशिगनने केस, मिशिगन ॲग्रिकल्चरल, वॉबॅश, ओहायो स्टेट आणि व्हँडरबिल्ट या पाच संघांना एकही गुण दिला नाही. संपूर्ण हंगामात त्यांच्यावर फक्त सहा गुण झाले आणि ते पेनसिल्व्हेनियाने, एकाच सामन्यात (०–६). पुढच्या वर्षी शुल्झ कर्णधार होता. त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरच्या सामन्यात पेनसिल्व्हेनियाने मिशिगनला २९–० असे झोडपले. गंमत अशी, की शुल्झच्या थोरवीचा पुरावा म्हणून जुने लेखक याच पराभवाकडे बोट दाखवतात. सारे आक्रमण त्याच्यावर रोखलेले होते, तो मैदानात असेतो बचाव तग धरून होता आणि तो जखमी होऊन बाहेर गेल्यावर बचाव कोसळला, असे ते सांगतात. यात भक्तिभावाचा अंश असणार, हे उघड आहे. १९५१ मध्ये कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच तुकडीत शुल्झचा समावेश झाला.

इतर दावेदारही आहेत. जॉर्जटाउनचा पर्सी गिव्हन १९०२ मध्ये नेव्हीविरुद्धच्या सामन्यात फळीमागे उभा राहून खेळला, असे सांगितले जाते. हे खरे धरले तर कालक्रमाने तो शुल्झच्या आधीचा ठरतो, पण हा दावा एका सामन्यापलीकडे जात नाही. लाफाएतचा वॉल्टर बाखमन, पेनसिल्व्हेनियाचा अर्नेस्ट कझन्स आणि आर्मीचा एडगर गार्बिश (१९२१ च्या सुमारास) यांनाही ‘रोव्हिंग सेंटर’ (फळीमागे फिरता सेंटर) पद्धतीचे श्रेय कोठे ना कोठे दिलेले आढळते. दक्षिणेत हा मान सेवानीच्या फ्रँक जुहानकडे जातो. हा जुहान पुढे फ्लॉरिडाचा एपिस्कोपल बिशप झाला. इतक्या ठिकाणी इतक्या जणांना एकच युक्ती सुचली, यावरून ती नव्या नियमांतूनच निघाली असावी, असे मानण्याकडे कल होतो. गिव्हनची नोंद तेवढी या स्पष्टीकरणात बसत नाही. शुल्झने ती युक्ती एका बलाढ्य संघाच्या बचावाचा पाया केली, एवढे श्रेय त्याला निःशंकपणे देता येईल.

रचना : आरंभीची सात जणांची फळी हळूहळू विरळ होत गेली. १९३० च्या दशकात सहाची फळी व मागे दोन लाइनबॅकर ही मांडणी रूढ होती. दुसऱ्या महायुद्धानंतर बड विल्किन्सन यांच्या ओक्लाहोमा संघाने पाचच्या फळीची मांडणी लोकप्रिय केली. नंतर चार-तीन आणि तीन-चार या मांडण्या आल्या. यांतला पहिला आकडा फळीचा आणि दुसरा लाइनबॅकरांचा.

मधला लाइनबॅकर सामान्यतः फळीमागे चार-पाच यार्डांवर गुडघे किंचित वाकवून, भार चवड्यांवर ठेवून उभा असतो. नवख्या प्रेक्षकाची नजर चेंडूकडे असते, त्याची समोरच्या गार्डकडे (आक्रमणाच्या फळीत सेंटरशेजारी असणाऱ्या गड्याकडे). गार्ड खांदे खाली घालून पुढे झेपावला तर धाव (चेंडू घेऊन पळणे) आहे. तो उठून मागच्या पावलावर रेलला तर पास आहे. फळी सोडून आडवा पळू लागला तर धाव त्या बाजूला वळणार आहे. हा निवाडा क्षणार्धात करायचा असतो आणि बरीचशी आक्रमणे नेमकी इथेच हुलकावणी देतात.

बटकस व १९६३ चा इलिनॉय संघ : सेंटर आणि लाइनबॅकर यांची जुनी जोडी शेवटी ज्याच्यात ठळकपणे दिसते, तो डिक बटकस (९ डिसेंबर १९४२ – ५ ऑक्टोबर २०२३). बदली खेळाडूंचे नियम १९४१ मध्ये सैल झाले, १९५३ मध्ये पुन्हा आवळले गेले आणि १९६५ मध्ये पूर्ण मोकळे झाले. या काळात पेनसिल्व्हेनियाचा चक बेडनारिक (१९४८ च्या हाइझमन, म्हणजे सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूच्या पुरस्काराच्या, मतदानात तिसरा) आणि त्याच्यानंतर बटकस हे दोघेही आक्रमणात सेंटर व बचावात लाइनबॅकर असे दुहेरी काम करीत.

शिकागोत वाढलेला बटकस १९६२ ते १९६४ या काळात प्रशिक्षक पीट एलियट यांच्या इलिनॉय संघात होता. १९६२ मध्ये संघाने नऊपैकी दोनच सामने जिंकले. पुढच्या वर्षी मात्र आठ विजय, एक बरोबरी (ओहायो स्टेटशी २०–२०) आणि एकच पराभव (मिशिगनकडून ८–१४) अशी कामगिरी करून संघ बिग टेन या विद्यापीठ-गटाचा विजेता झाला. निर्णायक सामना मिशिगन स्टेटशी ईस्ट लॅन्सिंगला होता. तो २३ नोव्हेंबरला व्हायचा होता, पण आदल्या दिवशी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाल्याने २८ नोव्हेंबरला खेळवला गेला. इलिनॉयने तो १३–० असा जिंकला. १ जानेवारी १९६४ रोजी रोझ बोल या हंगामोत्तर सामन्यात वॉशिंग्टनवर १७–७ अशी मात केली. त्या सामन्याचा मानकरी फुलबॅक जिम ग्राबोस्की ठरला, हे बटकसच्या चाहत्यांच्या सहसा ध्यानात राहत नाही.

त्या हंगामात बटकसच्या नावावर १४५ टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणे) आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हातून सोडवलेले दहा चेंडू नोंदवले आहेत. तीन हंगामांचे टॅकल ३७४ होतात. यातील दुसरा आकडा, सोडवलेल्या चेंडूंचा, अधिक बोलका आहे. बटकस पायांना क्वचितच धरी. तो छातीच्या उंचीवर कवेत घेई आणि गडी खाली जात असताना त्याच्या काखेतला चेंडू ओरबाडून काढी. असे उंच धरण्यात गडी निसटण्याचा धोका असतो, म्हणून प्रशिक्षक ते सहसा शिकवत नाहीत. बटकसचा जोर आणि त्याच्या हातांची लांबी यांमुळे त्याला ते परवडे. शिवाय पुढच्या फळीने गार्डांना गुंतवून ठेवल्याशिवाय त्याला धावणाऱ्यापर्यंत मोकळी वाट मिळाली नसती. त्या फळीबद्दल मात्र फार कमी लिहिले गेले आहे.

१९६४ च्या हाइझमन मतदानात बटकस तिसरा आला. बचावासाठी ओळखल्या जाणाऱ्या गड्यासाठी ही मोठीच मजल होती. इलिनॉयने त्याचा ५० हा क्रमांक निवृत्त केला. १९६५ च्या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत शिकागो बेअर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. त्याच्या नावाचा, उत्कृष्ट महाविद्यालयीन लाइनबॅकरसाठीचा पुरस्कार १९८५ पासून दिला जातो. पहिली दोन्ही वर्षे तो ओक्लाहोमाच्या ब्रायन बॉसवर्थने पटकावला.

अलीकडील स्थिती : २०१२ मध्ये नोत्र दामचा मँटाय टेओ हाइझमनच्या मतदानात दुसरा आला. त्या वर्षी बचाव-प्रशिक्षक बॉब डायाको यांच्या तीन-चार मांडणीच्या बचावाने स्टॅनफर्डला जादा वेळेत आणि सदर्न कॅलिफोर्नियाला चौथ्या सत्रात गोलरेषेवर रोखले आणि संघ बाराही साखळी सामने जिंकून अंतिम लढतीत पोहोचला. तेथे अलाबामाने ४२–१४ असा विजय मिळवला आणि मधला पट्टा धावांनी अक्षरशः उघडा पाडला. पसरलेल्या आक्रमणांमुळे आता तिसऱ्या लाइनबॅकरऐवजी पाचवा मागचा गडी उतरवण्याकडे बऱ्याच संघांचा कल आहे.

टॅकलच्या आकड्यांची तुलना जपून करावी. महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने (एनसीएए) बचावाची आकडेवारी अधिकृतपणे २००० पासूनच ठेवली आहे. त्याआधीचे आकडे, बटकसचेही, त्या-त्या विद्यापीठाच्या मोजणीवर अवलंबून आहेत. अधिकृत काळात नॉर्थवेस्टर्नच्या टिम मॅकगॅरिगलने कारकिर्दीत ५४५ टॅकल केले. बोस्टन कॉलेजचा ल्यूक कीक्ली ५३२ वर थांबला, पण त्याने ते तीनच हंगामांत केले : २००९ मध्ये १५८, २०१० मध्ये १८३ आणि २०११ मध्ये १९१.