ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: अंतर, वेळ आणि रखडलेली धावपट्टी

नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचे ट्रॉम्सो (६९.७° उत्तर) आणि आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्याच स्वालबार्ड बेटांवरचे लाँगइयरब्येन (७८.२° उत्तर) यांच्या अक्षांशांत सुमारे साडेआठ अंशांचा फरक आहे. इतक्या उत्तरेला एक अंश म्हणजे साधारण १११.६ किलोमीटर. रेखांशातल्या साडेतीन अंशांनी फारसा फरक पडत नाही, कारण तिथे रेखावृत्ते एकमेकांच्या अगदी जवळ आलेली असतात. सरळ हवाई अंतर भरते ९६० किलोमीटरच्या आसपास. मर्केटर नकाशावर (ध्रुवांकडचा भाग फुगवून दाखवणारा नेहमीचा जगाचा नकाशा) फूटपट्टी लावणारा मात्र हमखास फसतो; या पट्ट्यातले अंतर तो नकाशा साडेतीन पटींहून जास्त ताणून दाखवतो.

लाँगइयरब्येनचा विमानतळ १९७५ मध्ये सुरू झाला; त्यापूर्वी हा प्रवास तासांत मोजायची सोयच नव्हती. हिवाळ्यात इसफ्योर्ड (लाँगइयरब्येनलगतची समुद्राची खाडी) गोठला की जहाजे बंद, टपाल विमानातून खाली टाकले जाई. १९५९ पासून गावाजवळच्या अ‍ॅडव्हेंटडालेन खोऱ्यातल्या गोठलेल्या सपाटीवर चार पंख्यांची विमाने अधूनमधून उतरू लागली, पण उन्हाळ्यात तीच जमीन चिखल होई.

पक्क्या धावपट्टीला एवढा उशीर का, याचे उत्तर हवामानात कमी आणि या बेटांवर नॉर्वेची सत्ता अटींसह मान्य करणाऱ्या १९२० च्या स्वालबार्ड करारात जास्त सापडते. त्याच्या नवव्या कलमानुसार तिथे नाविक तळ किंवा तटबंदी उभारता येत नाही, बेटांचा युद्धासाठी वापरही करता येत नाही. विमानतळाबद्दल कलम काहीच म्हणत नाही, आणि वाद तिथेच पेटला. नॉर्वे १९४९ मध्ये नाटोत गेला होता. सोव्हिएत बाजूचे म्हणणे असे, की जिथे प्रवासी जेट उतरते तिथे लष्करी मालवाहू विमानही उतरू शकते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्वालबार्डमधल्याच न्यू-ऑलेसुंड या वस्तीजवळ खासगी विमानतळ बांधण्याची योजना निघाली. ती सोव्हिएत निषेधानंतर बारगळली. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण स्वालबार्डमधल्या बॅरेन्ट्सबर्ग आणि पिरामिडेन इथल्या सोव्हिएत खाणकामगारांचीही हिवाळ्यात तशीच कोंडी होत होती, आणि अखेर गाडे हलले ते त्या गरजेपोटी. विमानतळ फक्त नागरी राहील आणि सोव्हिएत विमानसेवेचे कर्मचारी तिथे कायम राहतील, यावर तडजोड झाली.

धावपट्टी पर्माफ्रॉस्टवर, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीवर, बांधलेली आहे. डांबर उन्हात तापते, खालचा थर असमान वितळतो आणि पृष्ठभागाला लाटा येतात. म्हणून उष्णतारोधक थर आणि सपाटीकरण यांचे काम पुन्हा पुन्हा निघते.

वेळेचा हिशेब असा: ताशी ८०० किलोमीटर वेगाने ९६० किलोमीटरला ७२ मिनिटे. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असला तर ८२. चढाई, उतरण आणि जमिनीवरची हालचाल धरली की दीड ते पावणेदोन तास होतात. जवळपास जेटला पर्यायी धावपट्टी नाही, त्यामुळे मुख्य भूमीपर्यंत परत येण्याइतके इंधन सोबत ठेवावे लागते. धुके हटले नाही तर प्रवासी तीन तासांहून जास्त उडून पुन्हा ट्रॉम्सोलाच उतरतात.

२००१ मध्ये नॉर्वे शेंगेन या युरोपातल्या पासपोर्ट-तपासणीविना प्रवासाच्या व्यवस्थेत सामील झाला, स्वालबार्ड बाहेर राहिले. म्हणून ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्यांना ट्रॉम्सोला उतरून पासपोर्ट दाखवावा लागतो. हा वेळ उड्डाणाच्या वेळेत धरला जात नाही. न्यू-ऑलेसुंडच्या ‘हिमाद्री’ या भारतीय केंद्रावर (२००८) जाणाऱ्या संशोधकांना पुढे सुमारे ११० किलोमीटर लहान विमानाने जावे लागते. तिथे हवा बिघडली की लाँगइयरब्येनला मुक्काम पडतो, त्यामुळे परतीचे तिकीट एक-दोन दिवस सैल ठेवलेले बरे.